अडुसष्ट पिनांची खाच

१९९०च्या दशकात लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्याला बिघाडाचे निदान आधी कानाने करता यायचे. बाजूच्या खाचेत कार्ड सरकवले की संगणक बीप वाजवायचा. दोन उंच बीप आले, तर कार्ड ओळखले गेले आणि कामालाही लागले. एक उंच आणि पाठोपाठ एक खालच्या पट्टीतला आला, तर कार्ड कोणते ते कळले, पण चालू करता आले नाही. नुसताच एक खालचा बीप आला, तर आत काहीतरी आहे एवढेच संगणकाला समजले होते. आणि आवाजच आला नाही, तर त्याच्या लेखी खाच अजून रिकामी होती. ही सोय डेव्हिड हाइंड्स यांनी लिनक्ससाठी लिहिलेल्या पीसीएमसीआयए प्रणालीत होती. पडद्यावर एकही अक्षर उमटण्याआधी जाणकार माणसाला दोष कुठे शोधायचा याचा अंदाज आलेला असे.

कार्ड दिसते का, ओळखले जाते का, चालते का, अशी ही विभागणी होती. लॅपटॉपला बाहेरून काहीही जोडताना आजही याच तीन पायऱ्या चढाव्या लागतात. मधल्या पस्तीस वर्षांत खाचांचे आकार बदलले, जुनी नावे पुसली गेली. दोष मात्र या पायऱ्यांवरून खाली-वर फिरत राहिला, आणि तो कोणत्या पायरीवर आहे हे मालकाला स्वतः तपासता येईल की नाही, हेही त्यासोबत बदलत गेले.

सुरुवातीला लॅपटॉपला अशी सामाईक खाचच नव्हती. टेबलावरच्या पीसीची पेटी उघडून आत हवे ते कार्ड बसवता येई. आयबीएमच्या १९८१च्या पीसीने ती सवय सगळ्या उद्योगाला लावली होती. उचलून नेण्याच्या संगणकात एवढी जागा कुठून आणणार? त्याच वर्षीचा ऑस्बोर्न-१ अकरा किलोंचा होता. पुढे लॅपटॉप खरोखर मांडीवर मावू लागले, तसे प्रत्येक कंपनीने मोडेमसाठी आपापली वेगळी जागा ठेवली. एका कंपनीचा मोडेम दुसरीच्या यंत्रात बसत नसे, आणि ग्राहकाला मूळ कंपनी सांगेल ती किंमत मोजावी लागे. झिरकॉमसारख्या कंपनीने यावर पळवाट काढली. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचा छोटा नेटवर्क अडॅप्टर तिने बाजारात आणला. त्याने काम भागत असे, पण प्रिंटरचा पोर्ट अडून राही.

नव्या खाचेची कल्पना स्मरणशक्तीच्या कार्डांतून आली. जपानमधल्या ‘जेइडा’ या उद्योगसंघटनेने १९८५पासून मेमरी कार्डांचे मोजमाप एकसारखे करायचे काम हाती घेतले होते. १९८९मध्ये अमेरिकेत ‘पीसीएमसीआयए’ ही संघटना उभी राहिली, आणि दोन्हींनी मिळून एकच आकार मान्य केला. १९९०चे पहिले मानक केवळ मेमरी कार्डांसाठी होते. १९९१च्या दुसऱ्या आवृत्तीने मोडेम, नेटवर्क अशा उपकरणांनाही त्याच खाचेत प्रवेश दिला, आणि खाचेचे महत्त्व तिथून वाढले. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर, रुंदी ५४ मिलिमीटर, म्हणजे बँकेच्या कार्डाएवढीच. जाडी तीन प्रकारची: ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर. सर्वांत जाड कार्डात चक्क फिरती हार्ड डिस्क बसवलेली असे, आणि ते एकावर एक असलेल्या दोन्ही खाचा व्यापून टाके.

या खाचेची यांत्रिक रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. खाचेच्या तळाशी चौतीसच्या दोन ओळींत अडुसष्ट पिना, आणि कार्डाच्या कडेला त्यांच्यासाठी तेवढीच छिद्रे. सगळ्या पिना एका लांबीच्या नाहीत. वीजपुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिना सर्वांत लांब, त्यामुळे कार्ड घालताना त्या आधी टेकतात आणि काढताना शेवटी सुटतात. चालू संगणकात कार्ड घालता-काढता येते ते यामुळेच. सर्वांत आखूड दोन, छत्तिसावी आणि सदुसष्टावी. त्या ओळीच्या दोन विरुद्ध टोकांजवळ आहेत आणि त्यांचे काम एकच: कार्ड आत आल्याची वर्दी देणे. कार्ड तिरके गेले किंवा पुरते आत गेले नाही, तर दोनपैकी एक टेकत नाही आणि संगणक खाच रिकामीच समजतो. अर्धवट जोडलेल्या कार्डाला वीज देण्याचा धोका रचनाकारांनी दोन आखूड पिनांवर टाळला. इतक्या साध्या उपायाने एवढा मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे संगणकाच्या इतिहासात फार नाहीत.

दुरुस्ती करणाऱ्याचे पहिले कामही यातूनच ठरले. बीप नाही, पडद्यावर काही नाही, तर टॉर्च घेऊन खाचेत डोकवायचे. कुणीतरी कार्ड उलटे किंवा जोराने घुसवलेले असायचे आणि एखादी पिन वाकलेली असायची. पिना संगणकाच्या बाजूला असल्यामुळे चूक कार्डाची असली तरी भुर्दंड संगणकाला पडे. बारीक चिमट्याने किंवा पोकळ सुईने पिन सरळ करता येत असे, पण सरळ करताना ती तुटली तर अख्खा सॉकेट बदलण्याखेरीज इलाज नसे. खाच रिकामी असताना तिच्यात प्लास्टिकचे खोटे कार्ड घालून मिळे. अनेक जण ते पहिल्याच दिवशी काढून टाकत, आणि पुढे धूळ आत जाई.

दुसरी पायरी ओळखीची. प्रत्येक कार्डाच्या पोटात स्वतःची माहिती लिहिलेली असे: कोणी बनवले, मोडेम आहे की नेटवर्क, कोणकोणते पत्ते चालतील. ती वाचून संगणकाने त्याला जागा द्यायची. खरी डोकेदुखी या जागावाटपात होती. जुन्या पीसीत उपकरणांनी प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्यासाठी एकूण सोळा इंटरप्ट होते, शून्य ते पंधरा. भरलेल्या चाळीत नव्या भाडेकरूला खोली शोधावी, तशी नव्या कार्डाची अवस्था होई: घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क, प्रिंटर यांनी आपापल्या खोल्या आधीच धरलेल्या असत. सिरियल पोर्टांचा गुंता तर आणखी होता. कॉम-१ आणि कॉम-३ चौथा इंटरप्ट वाटून घेत, कॉम-२ आणि कॉम-४ तिसरा.

म्हणून त्या काळातल्या एका तक्रारीचे कारण बहुधा एकच निघे. नवे मोडेम कार्ड ओळखले जाते, पण डायल करायला घेतले की गप्प बसते किंवा माउस थिजतो. लॅपटॉपच्या कडेला इन्फ्रारेडची काळी काचपट्टी असायची. ती कोणी क्वचितच वापरे, पण कॉम-२ची जागा आणि तिसरा इंटरप्ट तिने अडवलेला असे. बायॉसमध्ये जाऊन इन्फ्रारेड बंद केले की मोडेम चालू लागे. डॉसच्या दिवसांत याहून वाईट प्रसंग येत. कार्डासाठी लागणारे दोन-तीन ड्रायव्हर ६४० केबीच्या मर्यादित स्मरणशक्तीतलाच हिस्सा घेत, आणि मेमरी मॅनेजर नेमका कार्डाला लागणाराच पत्ता दुसऱ्या कोणाला देऊन टाकी. मग कॉन्फिग फाइलमध्ये तो पट्टा वगळण्याची सूचना हाताने लिहावी लागे. ज्यांनी ही कामे केली, त्यांना संगणकाच्या आतला नकाशा तोंडपाठ झाला होता. ते ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते, आणि त्याची किंमत कमी लेखणे हा त्या पिढीवर अन्याय ठरेल.

तिसरी पायरी कधीकधी संगणकाच्या बाहेर, भिंतीतल्या टेलिफोनच्या सॉकेटपर्यंत जाई. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि मोडेम हा शब्द मुंबई-पुण्याच्या घरांत शिरला. मोडेम अमेरिकी एक्स्चेंजच्या डायल टोनला सरावलेले. हॉटेलांतल्या आणि कचेऱ्यांतल्या ईपीएबीएक्सचा टोन वेगळा असला की मोडेम ‘डायल टोन नाही’ असे सांगून थांबे. कार्ड धडधाकट, ड्रायव्हर ठीक, टेलिफोनही चालू, तरीही काम अडलेले. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली की मोडेम टोनची वाट न पाहता सरळ नंबर फिरवी. याहून गंभीर धोका डिजिटल ईपीएबीएक्सचा होता. तिथल्या सॉकेटचा प्रवाह साध्या टेलिफोनच्या तारेपेक्षा जास्त असू शकतो, आणि एवढेसे कार्ड त्यात जळून जाई. फिरतीवर असणारे अनुभवी लोक सोबत लाइन तपासण्याचा छोटा टेस्टर बाळगत.

पाच मिलिमीटर जाडीच्या कार्डात टेलिफोनचा जॅक मावत नाही, हाही एक प्रश्नच होता. मेगाहर्ट्झ कंपनीने कार्डातून बाहेर सरकणारी पातळ जीभ बनवली, तिला जॅकचे भोक, नाव एक्सजॅक. ती दिसायला देखणी होती, पण केबलला पाय अडकला की तुटायची. बाकीच्यांनी कार्डाला लोंबणारी आखूड वायर दिली, आणि ती हरवली की कार्ड निकामी. झिरकॉमने पुढे सरळ जाड कार्ड करून त्यातच पूर्ण आकाराचे जॅक बसवले. दिसायला ते ओबडधोबड होते, पण तिन्हींत टिकाऊ तेच ठरले.

१९९५ साली दोन गोष्टी घडल्या. विंडोज ९५ने इंटरप्टचे वाटप स्वतःकडे घेतले आणि अडचण आली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह दाखवू लागले. त्याच वर्षी खाचेची नवी पिढी ‘कार्डबस’ आली. रुंदी ३२ बिट, वेग ३३ मेगाहर्ट्झ, व्होल्टेज पाचऐवजी ३.३. पाच व्होल्टच्या जुन्या खाचेत नवे कार्ड जाऊन जळू नये म्हणून त्याच्या कडेची खूण अशी केली की ते जुन्या खाचेत शिरतच नसे. कडेवरच्या सोनेरी उंचवट्यांच्या पट्टीवरून कार्डबस कार्ड लगेच ओळखू येई. दुकानात ‘कार्ड बसत नाही’ ही तक्रार आली, की जाणकार आधी ती पट्टी पाही. ते न बसणे हा दोष नव्हता. कार्ड आणि संगणक दोघांनाही ते वाचवत होते.

याच सुमारास या खाचेला मागे टाकणारी जोडणी तयार होत होती. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट इंटेलमध्ये काम करत होते. मुलीच्या शाळेच्या कामासाठी घरचा प्रिंटर चालवताना पत्नीची कशी त्रेधा उडे, हे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. सगळ्या उपकरणांना एकच प्लग असावा, ही त्यांची मागणी आधी फारशी कोणी मनावर घेतली नाही. पुढे कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या, आणि जानेवारी १९९६मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती निघाली. प्लग एकाच बाजूने जातो ही जगभरची तक्रार भट्ट यांच्यापर्यंतही पोचली. दोन्हीकडून जाणाऱ्या प्लगला दुप्पट तारा आणि सर्किट लागले असते, आणि त्या किमतीला यूएसबी कोणी स्वीकारले नसते, हे त्यांचे उत्तर पटण्यासारखे आहे.

सुरुवात अडखळतच झाली. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी विंडोज ९८ चालवणाऱ्या संगणकाला स्कॅनर जोडला, आणि भरसभेत पडदा निळा झाला. दिसले, ओळखायला घेतले आणि तिथेच कोसळले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विक्रीला आलेल्या अॅपलच्या आयमॅकमध्ये फ्लॉपी आणि जुने पोर्ट नव्हतेच. कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळ्यांसाठी यूएसबी. त्यानंतर उपकरणे बनवणाऱ्यांपुढे फारसा पर्याय उरला नाही.

पीसीएमसीआयए खाचेतल्या कार्डांना शेवटची चांगली वर्षे वाय-फायने दिली. लॅपटॉप जुना असला तरी बाजूला कार्ड सरकवले की बिनतारी जाळ्यात जाता येई. मार्च २००३मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणले, वाय-फाय लॅपटॉपच्या आत गेले आणि खाचेचे मुख्य काम संपले.

आत गेलेले हे कार्डही सुटेच होते. तळाचे झाकण काढून ते बदलता येई. पण अनेकांनी आपल्या थिंकपॅडमध्ये जास्त वेगाचे कार्ड बसवले, तेव्हा चालू होतानाच १८०२ क्रमांकाची सूचना आली: अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवले आहे. यंत्र तिथून पुढे जाईच ना. एचपीच्या लॅपटॉपांतही १०४ क्रमांकाची अशीच सूचना होती. बायॉसमध्ये परवानगी असलेल्या कार्डांची यादी होती. रेडिओ उपकरण आणि अँटेना मिळून मंजुरी घ्यावी लागते, असे त्याचे समर्थन दिले जाई. नियम खरा आहे. पण धडधाकट कार्ड, धडधाकट खाच आणि तरीही बंद यंत्र, हा बिघाड कुठल्याही पिनेत नव्हता, तो कंपनीच्या धोरणात होता. लोकांनी त्यावरही उपाय शोधले. सीमॉसमधला एकच बिट बदलणारा छोटा प्रोग्राम फिरला. कार्ड ओळखले जाऊनही रेडिओ कायम ‘बंद’ दाखवत असेल, तर मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्डाच्या विसाव्या पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला जाई, कारण रेडिओ बंद करण्याचा इशारा त्या पिनेवरून येतो.

भारतात त्यानंतर डोंगलचे दिवस आले. रिलायन्स नेटकनेक्ट, टाटा फोटॉन अशा नावांनी यूएसबीच्या कांड्या घरोघरी पोचल्या. ब्रॉडबँडची तार न पोचलेल्या तालुक्यांच्या गावांत अनेकांचे पहिले इंटरनेट त्यांच्यावरच आले, म्हणून त्यांच्या बिघाडांनाही या इतिहासात जागा हवी. अशा अनेक कांड्या जोडल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून हजर होत. त्या नकली सीडीतून ड्रायव्हर बसवायचा, मग ठरावीक आज्ञा मिळाली की कांडी रूप बदलून मोडेम व्हायची. वेगळी सीडी द्यावी लागू नये, हा हेतू चांगलाच होता. पण आज्ञा पोचली नाही तर ती सीडीच राही, आणि मालक मोडेम शोधत बसे. लिनक्सवाल्यांसाठी योसुआ डीट्झ यांनी ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्राम लिहिला तो एवढ्याचसाठी. ओळख पटली होती, पण खोटी.

कार्डबसचा वारस ‘एक्स्प्रेसकार्ड’ २००३मध्ये जाहीर झाला, ३४ आणि ५४ मिलिमीटरच्या दोन रुंदींत. अॅपलने २००६च्या मॅकबुक प्रोमध्ये तो दिला आणि २००९मध्ये पंधरा इंची यंत्रातून काढून तिथे एसडी कार्डाची खाच ठेवली. पीसीएमसीआयए संघटनेचे काम यूएसबीच्या संघटनेकडे गेले. जुना आकार मात्र इतरत्र टिकला: पॅनासोनिकच्या व्यावसायिक व्हिडिओ कॅमेऱ्यांची पी-२ कार्डे त्याच मापाची आहेत, आणि युरोपातल्या दूरचित्रवाणी संचांत सशुल्क वाहिन्यांचे मोड्यूल याच अडुसष्ट पिनांवर बसते.

सिरियल पोर्टही लॅपटॉपवरून गेला, पण त्याची गरज गेली नाही. भोसरी किंवा सातपूरच्या वसाहतीतल्या जुन्या सीएनसी यंत्राशी बोलायचे तर नऊ पिनांची केबल लागतेच, म्हणून अभियंत्याच्या बॅगेत यूएसबी-सिरियल केबल असते. ती तपासण्याची रीत जुनीच आहे: दुसरी आणि तिसरी पिन तारेने जोडायची आणि पडद्यावर टाइप करायचे. टाइप केलेले परत दिसले तर केबल ठीक, दोष पलीकडच्या यंत्रात. पण ऑक्टोबर २०१४मध्ये या साध्या केबलींवर वेगळेच संकट आले. एफटीडीआय कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने आपल्या चिपच्या नकला हुडकून त्यांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. त्या केबली संगणकाला ओळखू येईनात. चिप अस्सल आहे की नक्कल, हे केबल विकत घेणाऱ्याला बाहेरून कळण्याचा मार्गच नव्हता, आणि शिक्षा मात्र त्यालाच झाली. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून मागे घेतला गेला.

२०१४मध्येच यूएसबी-सी आले: चोवीस पिना, दोन्हीकडून जाणारा प्लग, वीज, चित्र आणि माहिती एकाच भोकातून. आकारावरून काम ओळखण्याची सोय त्यासोबत गेली. तीच केबल एका ठिकाणी मॉनिटर चालवते, दुसरी तशीच दिसणारी फक्त चार्जिंग करते. वीज किती द्यायची हे सीसी नावाच्या दोन पिनांवरचे रेझिस्टर सांगतात, आणि तिथली चूक डोळ्यांना दिसत नाही. गुगलचे अभियंते बेन्सन लिउंग बाजारातल्या यूएसबी-सी केबली स्वतः तपासत होते. फेब्रुवारी २०१६मध्ये एका केबलीत वीज आणि अर्थच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप तिने जाळला. जून २०१९च्या रास्पबेरी पाय ४मध्ये दोन पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला गेला होता. परिणामी साध्या केबलीवर तो बोर्ड चाले, चिप असलेल्या महागड्या केबलीवर चालत नसे. पुढच्या आवृत्तीत ही चूक सुधारली.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या दुरुस्तीच्या दुकानांत आज ‘चार्ज होत नाही’ म्हणून आलेल्या लॅपटॉपची तपासणी यूएसबी मीटरने सुरू होते. चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये तो लावायचा. वीस व्होल्ट दिसले तर बोलणी झाली, दोष पुढे. पाचवरच अडकले तर चार्जर आणि बोर्डाचा संवादच होत नाही: पोर्टची पिन, सीसीची वाट किंवा त्यामागची चिप. काहीच दिसत नसेल, तर भिंग घेऊन पोर्टच्या आत. मग आयसोप्रोपिलने सफाई, मायक्रोस्कोपखाली हॉट एअरने जुना पोर्ट उचलणे, नवा बसवून चोवीस पिनांना डाग. टॉर्च आणि चिमटा घेऊन खाचेत डोकावणाऱ्या माणसाचीच ही पुढची पिढी आहे. फरक इतकाच की पूर्वी पहिल्या दोन पायऱ्या मालक घरी तपासू शकत होता. आता त्यासाठी बोर्डाचा नकाशा लागतो, आणि तो कंपन्या सहसा देत नाहीत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू केले. माहितीपत्रके आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा उद्देश अगदी रास्त आहे.

कार्ड सरकवण्याची जुनी कल्पना २०२१मध्ये नव्या रूपात परत आली. निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीच्या लॅपटॉपला कडेला चार कप्पे आहेत. प्रत्येकाच्या आत यूएसबी-सी, आणि त्यात सरकवायची छोटी कार्डे: एचडीएमआय, यूएसबी-ए, मायक्रोएसडी, साठवण. कार्डांची रेखाटनेही कंपनीने खुली ठेवली, म्हणून ज्याला सिरियल पोर्ट हवा तो स्वतः तसे कार्ड बनवू शकतो. दोष इथेही आहेत. एचडीएमआय कार्ड नुसते लावून ठेवले तरी बॅटरी खाते अशी तक्रार होती, आणि एएमडी प्रोसेसरच्या यंत्रात चारही कप्प्यांची क्षमता सारखी नाही. पण केबलच्या घालण्या-काढण्याची झीज आता कार्डाला सोसावी लागते, बोर्डाला नाही. आणि काही चालेनासे झाले, तर तेच कार्ड दुसऱ्या कप्प्यात आणि दुसरे कार्ड त्याच कप्प्यात घालून दोष कार्डात आहे की कप्प्यात, हे मालकाला स्क्रू न उघडता मिनिटभरात पाहता येते.